गारगोटीच्या पोटातली नक्षी: घरच्या घरी अकीक कापायचा आणि पॉलिश करायचा कसा

आटपाडी, जत, माण, खटाव या बाजूला कुणाच्या रानात गेलात तर बांधावर वेचून टाकलेल्या दगडांत दोन-चार गारगोट्या दिसतात, आणि त्यातली एखादी फुटलेली असली तर आत राखाडी-पांढऱ्या रेघा असतात, एकात एक वळसे घेतलेल्या. तोच अकीक, अॅगेट म्हणा पाहिजे तर. बरेच जण असा दगड घरी आणतात, शोकेसमध्ये ठेवतात, मग यूट्यूबवर व्हिडिओ बघायला बसतात आणि तिथं सगळं परदेशातलं, तेलात फिरणारी मोठी करवत, सहा चाकांचं पॉलिशिंग मशीन, किंमत बघितली की विषय तिथंच संपतो. हा लेख अशा लोकांसाठी आहे. सांगली, कराड, सातारच्या बाजारात मिळणाऱ्या सामानावर हे काम होतं. क्रम तेवढा कळायला पाहिजे आणि घाई करायची नाही.

आधीच सांगून टाकतो, नवीन माणूस ज्या पावडरीनं दगड चमकतो ती पावडर शोधत फिरतो, पण चमक त्या पावडरीत नसते. पहिल्या जाड ग्रिटला, म्हणजे घासायच्या जाड पावडरीला, तुम्ही किती वेळ दिला त्यावर शेवटची चमक ठरते, आणि आत नक्षी कशी दिसणार हे तर कटर चालू करायच्या आधीच ठरलेलं असतं, कुठून कापायचं यावर. या दोन गोष्टी जमल्या की बाकी सगळी नुसती हमाली आहे.

लागणारं सामान

- टेबलटॉप टाईल कटर, खाली पाण्याचा ट्रे असलेला, ७ इंची ब्लेडचा. फरशीवाले वापरतात तोच. विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या फरशीवाल्याकडून एक दिवस मागून आणा.
- डायमंड ब्लेड, कडेला खाचा नसलेली, सलग कडेची. खाचांची ब्लेड काँक्रीटसाठी असते, ती अकीकाच्या कडा फोडते.
- सिलिकॉन कार्बाइड पावडर: ८०, २२०, ४००, ६०० आणि जमलं तर १००० नंबर. नंबर जितका मोठा तितकी पावडर बारीक. कुपवाड एमआयडीसी, कराड, सातारा एमआयडीसीच्या आसपास अॅब्रेसिव्ह, म्हणजे घासायचं सामान, विकणाऱ्यांकडं विचारा.
- किंवा पावडरीऐवजी ग्रॅनाइट पॉलिशचे डायमंड पॅड, ५० पासून ३००० पर्यंतचा सेट. नवीन माणसाला खरं तर हेच सोपं.
- जाड काचेचा तुकडा, १० एमएम, फूटभर चौकोनी. गुळगुळीत फरशी पण चालते.
- सेरियम ऑक्साइड, म्हणजे शेवटच्या पॉलिशची पावडर, पाव किलो पुष्कळ झालं. काचेला पॉलिश करणाऱ्यांकडं किंवा काच-सामानाच्या दुकानात मिळतं.
- चामड्याचा तुकडा, लाकडी ठोकळे, एम-सील किंवा सोनाराकडची लाख.
- एन-९५ मास्क, चष्मा, रबरी चप्पल, ३० मिलिअॅम्पिअरची ईएलसीबी (करंट गळला की लाईट लगेच तोडणारा स्विच).
- टॉर्च, पेन्सिल, जुने टूथब्रश, तीन बादल्या, व्हिनेगर, घडीचं भिंग.

कागदपत्रं म्हणाल तर छंदाला काही लागत नाहीत, पण पुढं पहिल्या पायरीत जे लिहिलंय ते नीट वाचा.

१. दगड कुठं मिळतो आणि कुठं हात लावायचा नाही

आपला सगळा भाग दख्खनच्या लाव्ह्यावर बसलाय, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थंड होताना त्यातला गॅस वर येऊन अडकला, तिथं पोकळ्या राहिल्या, नंतर खडकातून झिरपणाऱ्या पाण्यानं विरघळलेली सिलिका, म्हणजे गार ज्याची बनते ते द्रव्य, त्या पोकळ्यांत आणून थरावर थर बसवले, म्हणून रेघा. पोकळी पूर्ण भरली तर भरीव अकीक, अर्धवट राहिली तर मध्ये स्फटिकांची चमचम. आता होतं काय, बाहेरचा काळा दगड ऊन-पावसानं कुजून मुरूम होतो, त्याची माती होते, पण अकीक झिजत नाही, तो गोळा तसाच मातीत सुटा पडतो. म्हणून नांगरटीनंतर आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तो वर दिसतो.

शोधायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे नवीन विहिरीचा किंवा शेततळ्याचा उपसलेला ढीग. विहीर खोदणारी माणसं ज्याला मांजऱ्या म्हणतात तो, पांढरे ठिपके असलेला मऊसर खडक, त्या ढिगात असेल तर थांबा आणि बारकाईनं बघा. नुसता घट्ट काळा पाषाण असेल तर फार वेळ घालवू नका, लाव्ह्याच्या थराच्या मधल्या घट्ट भागात पोकळ्याच कमी असतात. येरळा, माणगंगा, अग्रणी यांची उन्हाळ्यातली कोरडी पात्रं पण बघण्यासारखी असतात. प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी बहुतेक दगड राखाडी, पांढरा, निळसर झाक असलेला असतो. लाल-केशरी मिळाला तर नशीब.

आता हात कुठं लावायचा नाही ते. कासचं पठार, कोयना, चांदोली म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग, सागरेश्वर, यातलं काहीही नको, तिथून खडासुद्धा उचलायचा नाही. कास तर २०१२ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या पश्चिम घाटाच्या जागांपैकी एक आहे, आणि तसंही कास काय, पाचगणीचं टेबललँड काय, वर जांभा आहे, तिथं अकीक शोधणं म्हणजे वेळ घालवणं. खासगी रानात मालकाला विचारूनच. एक-दोन दगड म्हटल्यावर कुणी नाही म्हणत नाही, उलट चहा मिळतो. पण खोदकाम करून पोतीच्या पोती काढून विकायचा विचार असेल तर अकीक २०१५ पासून गौण खनिजांत येतो, त्याला परवानगी लागते, आणि त्यासाठी तहसील किंवा कलेक्टर ऑफिसच्या खनिकर्म शाखेत आधी जायचं, नंतर नाही.

२. घरी आणायच्या आधी तपासा

नव्या माणसाची पिशवी निम्मी चुनखडीच्या गोळ्यांनी भरलेली असते. माण-जत भागात पांढरे खडबडीत गोळे ढिगानं पडलेले असतात, लांबून अकीकच वाटतात. व्हिनेगरचा थेंब टाका, बुडबुडे आले की फेकून द्या. लिंबू पण चालतं.

दुसरी टेस्ट, चाकूचं टोक घासून बघा. अकीकाची कठीणता मोहस स्केलवर, म्हणजे खनिजांचा कठीणपणा मोजायच्या १ ते १० च्या मापावर, ६.५ ते ७, साध्या चाकूनं त्याच्यावर ओरखडा उठत नाही, उलट चाकूचंच लोखंड काळी रेघ सोडतं. ओरखडा पडला तर तो कॅल्साइट किंवा झिओलाइट, दोन्ही अकीकापेक्षा मऊ खनिजं. झिओलाइट दिसायला सुंदर, मोरपिसासारखे गुच्छ असतात, पण कापायच्या कामाचे नाहीत, ते तसेच ठेवा.

तिसरी, टॉर्च. रात्री दगडाच्या पातळ कडेला मोबाईलचा टॉर्च चिकटवा, अकीक असेल तर कड उजळते, आत उजेड शिरल्यासारखा दिसतो. काळा बेसाल्ट काही केलं तरी उजळत नाही. लाल जास्पर, म्हणजे अकीकाचाच अपारदर्शक भाऊबंद, पण उजेड सोडत नाही, पण तो तितकाच कठीण असतो आणि पॉलिश लय भारी घेतो, तो फेकू नका.

आणि गावाकडं लहानपणी अंधारात दोन गारगोट्या घासून उजेड पाडलेला असेल तर ती टेस्ट पण खरीच आहे, अकीक, गार दोन्ही घासल्यावर केशरी उजेड देतात आणि जळकट वास येतो.

शेवटची टेस्ट भेगांची, आणि हीच लोक करत नाहीत. दगड पाण्यात बुडवा, बाहेर काढून फडक्यानं पुसा आणि वाळताना बघत बसा. बाकी दगड वाळला तरी भेगेच्या जागी ओली रेघ थोडा वेळ राहते. अशा आरपार भेगा असलेला दगड कटरवर फुटणार, कितीही देखणा असला तरी पहिल्या कामाला तो नको. सुरुवातीला छोट्या लिंबाएवढ्या मापाचेच घ्या. टाईल कटरची ब्लेड वर साधारण ३ सेंटीमीटरच कापते, मुठीएवढा दगड घेतला की दोन्ही बाजूनं फिरवून कापावा लागतो आणि मध्ये पायरी पडते, ती पायरी घासून काढण्यात जीव जातो.

३. धूळ आणि करंट, हे वगळून पुढं जाऊ नका

अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. कोरडा कापला की जी पांढरी धूळ उडते तिनं सिलिकोसिस होतो, फुप्फुस घट्ट होत जातं, आणि एकदा झाला की त्याला बरं करणारं औषध नाही. गुजरातमध्ये खंभातला अकीकाचा धंदा शेकडो वर्षांचा आहे, तिथल्या घासणाऱ्या कामगारांना या आजारानं किती छळलंय ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं आपला नियम एकच, कोरडं कापणं नाही, कोरडं घासणं नाही, एक मिनिट पण नाही. फरशीवाल्याकडं कापायला दिला आणि तो हातातला मार्बल कटर कोरडाच लावतोय असं दिसलं तर दगड परत घ्या. तसंही हातातला मार्बल कटर १२ हजारांच्या वर आरपीएमनं फिरतो आणि गोल दगडावर उसळतो, त्यानं छोटा दगड हातात धरून कापणं हा वेडेपणा आहे.

पाणी म्हटलं की करंट आला. कटर ईएलसीबीवरच लावा, प्लगचं अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, कारण गावाकडं पुष्कळ घरांत तिसरी पिन नुसती शोभेला असते. पायात रबरी चप्पल, वायर वरून टांगलेली, एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या जागेपासून लांब. जागा उघडी असावी, अंगण किंवा गोठ्याची पडवी. काम झाल्यावर चिखल ओला असतानाच पुसा, वाळला की तीच धूळ झाली. अंगावरचे कपडे पण झटकू नका, बादलीत टाका.

४. कुठून कापायचं

खरं डोकं इथं लागतं. एकदा कापलं की परत जोडता येत नाही, म्हणून दगड हातात घेऊन दहा मिनिटं फिरवत बसा, ओला करून, टॉर्च लावून.

पहिला प्रकार, पोकळीच्या भिंतीला समांतर रेघा, किल्ल्याच्या तटासारख्या वळणावळणाच्या. बहुतेक दगड असेच. पोकळीच्या भिंतीवर सगळीकडून थर बसत आत आलेले असतात, म्हणजे दगडाच्या बरोबर मधून कापला की सगळे वळसे पूर्ण दिसतात, कडेला कापला तर नुसते वरचे दोन-तीन थर तिरके कापले जातात आणि रेघा पसरट, धूसर दिसतात. चपटा दगड असेल तर लांबीच्या दिशेनं, सगळ्यात मोठा चेहरा मिळेल असा कापा. रेघ जितकी काटकोनात कापली जाईल तितकी ती धारदार दिसते, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

दुसरा प्रकार, सरळ आडव्या रेघांचा. पोकळीत पाणी साचून थर तळाला बसत गेले की अशा समांतर रेघा होतात. दगडाच्या फुटलेल्या बाजूला त्या दिसल्या तर त्यांना काटकोनात छेद घ्या. थराच्या दिशेनंच कापलात तर एकच रंगाचा कोरा चेहरा मिळेल आणि तुम्ही म्हणाल यात काहीच नव्हतं.

तिसरा, डोळे. दगडाच्या पृष्ठभागावर छोटे गोल उंचवटे किंवा वर्तुळं दिसली तर तिथं मधून कापू नका. ते डोळे वरच्या थरातच असतात. त्या बाजूनं पातळ पापुद्रा काढायचा किंवा कटर न लावता तिथंच घासत जायचं, थोडं घासा, धुवा, बघा.

आणि मग शेवाळ्यासारखी हिरवी किंवा तपकिरी नक्षी असलेले दगड. ते खरं शेवाळ नाही, आत शिरलेली खनिजं आहेत. त्यात दिशा अशी नसते, कुठूनही कापा, फक्त चकती पातळ ठेवा, ४-५ एमएम, जाड ठेवली की नक्षी एकावर एक येऊन नुसता काळपट डाग दिसतो.

काहीच अंदाज येत नसेल तर आधी खिडकी पाडा. म्हणजे दगडाच्या एका टोकाला छोटासा काप घेऊन आत डोकवायचं, तो चेहरा ओला करून रेघा कुठल्या दिशेनं चालल्यात ते बघायचं आणि मग मुख्य काप ठरवायचा. ठरला की मार्करनं चौफेर रेघ मारा. पेन्सिल पाण्यात दिसत नाही.

५. कापणं

गोल दगड हातात धरून ब्लेडवर ढकलायचा नाही. तो फिरतो, ब्लेड अडकते, दगड उडतो. लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर दगड एम-सीलनं नीट बसवा, रात्रभर सुकू द्या, आणि ठोकळा कटरच्या सरळ पट्टीला टेकवून पुढं सरकवा. दगड कोरडा आणि साबणानं धुतलेला असेल तरच एम-सील धरतं, मातीवर लावलं तर निम्म्यात सुटणार.

ट्रेमधलं पाणी ब्लेडच्या कडेला लागतंय का ते सारखं बघा. पाणी कमी पडत असेल तर मेडिकलमधून नवीन सलाईन सेट आणा, पाण्याची बाटली वर टांगा आणि ब्लेडवर थेंब थेंब सोडा, मस्त चालतं. नवीन सेट म्हणतोय, दवाखान्यातला वापरलेला नाही.

जोर लावू नका. अकीक हळूच कापला जातो, लिंबाएवढ्या दगडाला पण वेळ लागतो, ब्लेडला तिच्या गतीनं खाऊ द्या. आवाज चिरका झाला, काप पुढं जाईना, किंवा पाण्यातसुद्धा ब्लेडखाली केशरी उजेड दिसायला लागला तर ब्लेड बोथट झालीय. बोथट म्हणजे संपली नाही. हिऱ्याच्या कणांवर धातू चढून गुळगुळीत झालंय एवढंच. साध्या मऊ विटेत चार-पाच काप घ्या, वरचा धातू झिजतो, हिरे उघडे पडतात, ब्लेड परत खायला लागते. हे माहीत नसल्यामुळं लोक चांगल्या ब्लेडा फेकून देतात.

शेवटचे दोन-तीन एमएम राहिले की अजून हळू. तिथं दगड स्वतःच्या वजनानं तुटतो आणि चेहऱ्याच्या कडेला टवका राहतो. खालून आधार द्या.

काप झाला की लगेच ओला करून बघा. ओला दगड जसा दिसतो जवळजवळ तसाच तो पॉलिशनंतर दिसणार आहे, त्यामुळं ओला असताना आवडला नाही तर घासण्यात वेळ घालवू नका, दुसरा घ्या.

६. घासणं

काचेवर चमचाभर ८० नंबर पावडर, थोडं पाणी, आणि दगडाचा कापलेला चेहरा खाली करून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. गोल गोल फिरवलात तर कडा जास्त झिजतात आणि चेहरा फुगीर होतो. कचकच आवाज कमी झाला की पावडर मोडली, पुसून नवीन घ्या.

त्याआधी एक काम, चेहऱ्याची धार मोडा. सगळी कड ४५ अंशात एक-दीड एमएम घासून घ्या. धारदार कड ठेवली तर पुढच्या स्टेजला तिचा बारीक टवका निघतो, तो टवका दगडाखाली फिरतो आणि सगळ्या चेहऱ्यावर ओरखडे. ६०० नंबरला अचानक खोल ओरखडा कुठनं आला असं विचारणाऱ्यांचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

८० नंबर कधी थांबवायचा? चेहरा वाळवा, पेन्सिलनं आडव्या-उभ्या रेघा मारा, परत घासा. सगळ्या रेघा एकदम गेल्या तर चेहरा सपाट झाला. मध्ये रेघा राहिल्या तर तिथं खड्डा आहे, अजून घासा. ब्लेडच्या खुणा सगळ्या जाईपर्यंत पुढं जायचं नाही. परत सांगतो, सगळ्या. २२० नंबर ब्लेडची खूण काढत नाही, तो फक्त ८० नंबरचे ओरखडे काढतो, ४०० फक्त २२० चे. प्रत्येक नंबरचं काम आधीच्या नंबरचे ओरखडे घालवणं एवढंच. मागचं राहिलेलं पुढं जाऊन जास्त उठून दिसतं, मॅट चेहऱ्यावर जे दिसत नाही ते चकाकत्या चेहऱ्यावर ओरडतं.

एकूण वेळातला निम्म्याहून जास्त वेळ ८० नंबरवर जायला पाहिजे. हातानं करत असाल तर टीव्हीसमोर बसा, पेपर अंथरा आणि मॅच लावा.

नंबर बदलताना दगड, हात, नखं, टेबल, सगळं धुवा. प्रत्येक ग्रिटला वेगळी बादली, वेगळी काच किंवा निदान काचेची दुसरी बाजू. ८० नंबरचा एकच कण ४०० मध्ये आला की परत मागं जावं लागतं. दगडात बारीक छिद्रं किंवा स्फटिकांची पोकळी असेल तर टूथब्रशनं ती घासून काढा, पावडर तिथंच लपते.

तपासणी नेहमी कोरड्या दगडावर करायची. ओला दगड खोटं बोलतो, पाणी ओरखड्यात भरतं आणि सगळं गुळगुळीत दिसतं. पुसा, दोन मिनिटं वाळू द्या, भिंग घ्या आणि ट्यूबलाईटखाली तिरका धरून बघा. एकसारखा धुरकट मॅट पाहिजे, त्यात लांब रेघ दिसली की त्याच नंबरवर परत.

डायमंड पॅड घेतले असतील तर पावडरीची भानगड नाही. पॅड लाकडी पट्टीवर पक्का चिकटवा, पाणी टाकत राहा आणि दगड त्यावर घासा. ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३०००. पॅड थोडा दबतो म्हणून चेहरा अगदी काचेसारखा सपाट येत नाही, पण शोकेसमध्ये ठेवायच्या दगडाला ते कुणी बघत नाही. वॉटर पेपर, गॅरेजवाले गाडीच्या पेंटला वापरतात तो, तो पण चालतो, सिलिकॉन कार्बाइडचाच असतो, पण अकीकावर लवकर मरतो, कागदांचा गठ्ठा लागेल.

दगडात मध्येच कॅल्साइट किंवा झिओलाइटचा मऊ पट्टा असेल तर तो बाकीच्यापेक्षा जास्त झिजतो आणि तिथं खळगा पडतो. पावडरीनं हे जास्त होतं, डायमंड पॅडनं कमी. असा दगड असेल तर पॅडच वापरा आणि हात हलका ठेवा. खळगा पूर्ण जाणार नाही, ते मान्य करून चला.

घासलेला गाळ मोरीत ओतायचा नाही. तो तळाला बसतो आणि पाईपमध्ये सिमेंटसारखा घट्ट होतो, प्लंबरला बोलवावं लागेल. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं पाणी झाडाला घाला, खालचा लगदा ओलाच पिशवीत बांधून कचऱ्यात.

७. पॉलिश

इथपर्यंत नीट आला असाल तर हे सगळ्यात सोपं. चामड्याचा तुकडा लाकडावर ताणून चिकटवा, खरखरीत बाजू वर. सेरियम ऑक्साइडचा पाण्यात पातळ घोळ करा, चामड्याला लावा आणि दगड दाबून घासा. चामडं थबथबलेलं नको, ओलसर पाहिजे. सुकत आलं की दगड किंचित ओढल्यासारखा लागतो, खरी चमक त्या ओढीतच येते. मशीनवर करत असाल तर तिथंच सावध, कारण त्याच वेळी दगड तापतो आणि तापलेला अकीक तडकतो. हाताला गरम लागला की थांबा. तापलेल्या दगडावर थंड पाणी कधीच नाही.

हातानं वेळ लागतो, खांदा भरून येतो, त्याला इलाज नाही. झालं का ते बघायला ट्यूबलाईटचं प्रतिबिंब बघा. ट्यूबच्या कडा चेहऱ्यावर धारदार दिसल्या तर झालं, पसरट दिसल्या तर अजून घासा, आणि कितीही घासून कडा पसरटच राहत असतील तर ६०० वर परत जा, पॉलिशवर रडत बसू नका.

तेल, व्हॅसलिन, वॉर्निश लावून चमक आणायची नाही. तेल दगडात मुरतं, अकीक दिसतो तेवढा बंद नसतो, त्याला सूक्ष्म छिद्रं असतात. याच छिद्रांमुळं तो रंगवता पण येतो. महाबळेश्वरला किंवा ऑनलाइन गडद गुलाबी, भडक निळ्या, पोपटी चकत्या मिळतात त्या रंगवलेल्या असतात. तसा रंग आपल्या दगडात आला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, काळा रंग आणायला साखरेच्या पाण्यात भिजवून सल्फ्युरिक अॅसिडमध्ये टाकतात, ते घरी करायचं काम नाही. भट्टीत हळूहळू तापवून लाल करायची पद्धत खंभातची जुनी आहे, आतलं लोह लाल होतं, पण त्यात पण घाई केली की दगडाचे तुकडे.

८. पेंडंट किंवा अंगठीचा खडा करायचा असेल तर

छोटा दगड बोटात धरून घासता येत नाही, बोटं सोलतात. सोनार दागिना धरायला लाख वापरतात तीच आणा. तव्यावर वाळू पसरून दगड हळूहळू कोमट करा, थेट गॅसवर नाही, आणि लाकडी काडीच्या टोकाला लाख वितळवून त्यावर दगड बसवा. थंड दगडावर गरम लाख धरत नाही, लगेच सुटते. काम झालं की गार होऊ द्या आणि काडीसकट फ्रिजरमध्ये ठेवा, लाख ठिसूळ होऊन दगड टक्कन सुटतो. सुई लावून उचकटायला जाऊ नका.

घुमटाकार खडा करताना आधी तळ सपाट, मग कडेला बाह्यरेघ, मग ४५ अंशात चौफेर कड मोडायची, मग ती मोडलेली कड परत मोडायची, असं करत करत वर जायचं. मध्ये माथ्यावर सपाट टिकली राहते ती शेवटी काढा. पुष्कळ जण ती राहू देतात आणि पॉलिशनंतर तिथंच मॅट डाग दिसतो.

भोक पाडायला साधं ड्रिल बिट चालत नाही. काचेला वापरतात तसं पोकळ डायमंड बिट आणा, २ किंवा २.५ एमएमचं. दगड प्लास्टिकच्या डब्यात लाकडाच्या तुकड्यावर चिकटवा, तो बुडेल एवढंच पाणी घाला. ड्रिल बॅटरीचं वापरा, वायरचं नको, खाली पाणी आहे. हलक्या हातानं दोन सेकंद दाबायचं, उचलायचं, परत दाबायचं, म्हणजे भोकात पाणी शिरतं आणि चिखल बाहेर येतो. निम्मं भोक झालं की दगड उलटा करून दुसऱ्या बाजूनं पाडा, एकाच बाजूनं आरपार गेलात तर मागं बशीसारखा टवका निघतो. आणि भोक पॉलिशच्या आधी पाडा, ८० नंबर झाल्या झाल्या, म्हणजे फुटलाच तर कमी मेहनतीवर फुटेल.